एकविशीतली निवृत्ती, आयुष्यभराची संगत
अमेरिकेतील ‘ड्रम कोअर’ पथकांचे माजी वादक आपल्या दिवंगत सहकाऱ्यांची आठवण कशी जपतात, याचा वेध

बहुतेक संस्थांमध्ये ‘माजी’ हे विशेषण माणसाला उतारवयात चिकटते. अमेरिकेतील ‘ड्रम अँड ब्यूगल कोअर’ या वाद्यपथकांच्या जगात मात्र ते ऐन विशीत चिकटते आणि पुढे सारे आयुष्य निघत नाही. या पथकांच्या प्रमुख स्पर्धेत उतरायचे तर वयाची अट कडक आहे. बाविसावे वर्ष गाठले की त्या उन्हाळ्याच्या शेवटी वादकाने गणवेश उतरवायचा, वाद्य पथकाकडे परत करायचे आणि आपली जागा पुढच्या मुलाला मोकळी करून द्यायची. साहजिकच या जगात वाजवणाऱ्यांपेक्षा वाजवणे थांबवलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. सत्तरी-ऐंशी ओलांडलेली ही माणसे आजही एकमेकांना शोधत राहतात, जुनी वाद्ये पुसून पुन्हा एकत्र उभी राहतात आणि जे आता येऊ शकत नाहीत त्यांची नावे मोठ्याने वाचतात. अवघ्या चार-पाच उन्हाळ्यांच्या सहवासातून असे अतूट नाते कसे निर्माण होते, आणि मृतांचे स्मरण हा त्या नात्याचा कणा का बनतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

पथक म्हणजे काय?

इंग्रजीत ‘कॉर्प्स’ असे दिसणाऱ्या या शब्दाचा उच्चार ‘कोअर’ असा होतो. मूळ अर्थ सैन्याची तुकडी. या पथकात पितळी सुषिर वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज, लाकडी रायफली व तलवारी झेलणारा ‘कलर गार्ड’ असे तीन विभाग असतात. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांसारख्या वाद्यांना येथे स्थान नसते. हे पथक फुटबॉलच्या मैदानावर सुमारे दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करते आणि तो करताना सतत चालत, धावत, आकृत्या रचत असते. ही आकृती वळते, फुटते, पुन्हा सांधली जाते. आणि हे सारे घडत असताना सूर आणि ताल तसूभरही ढळलेला चालत नाही. आपल्याकडील ढोल-ताशा पथकांतल्या तरुणाईचा जोश ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या वातावरणाची थोडीफार कल्पना येईल. मात्र मिरवणुकीच्या ऐवजी येथे परीक्षकांची तीक्ष्ण नजर आणि गुणांचे दशांश असतात.

सैन्यातून आलेला वारसा

या पथकांचा उगम युद्धात आहे, आणि स्मरणाची परंपराही तेथूनच आलेली आहे. तोफखान्याच्या धुरात आणि गदारोळात सेनापतीचा हुकूम सैनिकांपर्यंत पोहोचवण्याचे काम पूर्वी बिगूल आणि ढोल करीत. उठण्याचा, जेवणाचा, चढाईचा, माघारीचा असे प्रत्येक गोष्टीचे इशारे ठरलेले असत. साध्या बिगुलाला कळा नसतात. ओठांचा दाब कमीजास्त करून जे मोजके नैसर्गिक स्वर निघतात, त्यांतच सारे काही सांगायचे असते.

या इशाऱ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध इशारा म्हणजे ‘टॅप्स’. अमेरिकेतील यादवी युद्ध सुरू असताना, जुलै १८६२मध्ये व्हर्जिनिया राज्यातील हॅरिसन्स लँडिंग येथे उत्तरेच्या सैन्याची छावणी पडली होती. तेथे ब्रिगेडियर जनरल डॅनियल बटरफिल्ड यांनी एका जुन्या इशाऱ्यात फेरफार करून दिवे मालवण्याचा हा नवा इशारा तयार केला. ऑलिव्हर नॉर्टन या त्यांच्या बिगूलवादकाने तो प्रथम वाजवला. अवघे चोवीस सुटे स्वर, आणि तेही चारच वेगवेगळ्या उंचीचे. निद्रेची वेळ सांगणारा हा इशारा लवकरच सैनिकांच्या दफनप्रसंगी वाजू लागला आणि चिरनिद्रेची खूण झाला. पोलीस स्मृतिदिनी किंवा युद्धस्मारकापुढे ‘लास्ट पोस्ट’चे सूर ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना अशा सुरावटीचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको.

पहिले महायुद्ध संपले, लाखो सैनिक घरी परतले आणि १९१९मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली. ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’ ही अशीच दुसरी संघटना आधीपासून होती. गावोगावच्या शाखांनी सैन्याचे शिलकी ढोल आणि बिगूल मिळवून पथके उभी केली. ही पथके स्मृतिदिनाच्या संचलनात वाजवीत आणि सोबत्याच्या अंत्ययात्रेतही वाजवीत. १९२०च्या दशकात त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. मग सैनिकांच्या मुलांची पथके निघाली. चर्चच्या धर्मपरिसरांनी, बालवीर संघटनांनी, पोलीस संघटनांनी आपापली पथके काढली. न्यू जर्सीतील गारफिल्ड येथील ‘होली नेम कॅडेट्स’ (१९३४), विस्कॉन्सिनमधील ‘मॅडिसन स्काउट्स’ (१९३८), बोस्टनचे ‘क्रुसेडर्स’ (१९४०), शिकागोचे ‘कॅव्हेलियर्स’ (१९४८) ही नावे त्याच काळातली. आयरिश, इटालियन, पोलिश वस्त्यांतील कामगारांच्या मुलांना रस्त्यावरच्या टोळ्यांपासून दूर ठेवणे, हाही त्यामागचा हेतू होता. पथक हे त्या मुलांचे क्लब होते, शाळा होते आणि बऱ्याच अंशी घरही होते.

१९७१ साली या चित्राला कलाटणी मिळाली. माजी सैनिकांच्या संघटनांनी ठरवलेले नियम आणि परीक्षणाची पद्धत तरुण पथकांच्या संचालकांना जाचक वाटू लागली होती. आघाडीच्या पथकांनी एकत्र येऊन ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संघटना उभारली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्ट १९७२मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियातील ‘अनाहाइम किंग्समेन’ने ती जिंकली. वयाची अट नसलेल्या प्रौढ पथकांची ‘ड्रम कोअर असोसिएट्स’ ही संघटना त्याआधीच, १९६०च्या दशकात अस्तित्वात आलेली होती.

एका जागेची किंमत

या पथकांतील नाते इतके घट्ट का, याचे उत्तर त्यांच्या दिनक्रमात आहे. वसंताच्या अखेरीस मुले एकत्र येतात आणि काही आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत तालीम करतात. त्यानंतर ऑगस्टपर्यंत भ्रमंती. रात्री कार्यक्रम संपला की बसमध्ये बसायचे, पहाटे कुठल्या तरी अनोळखी गावातील शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथारी टाकायची, दोन-चार तासांनी उठून पुन्हा उन्हात उभे राहायचे. स्वयंपाकघर मालमोटारीत असते आणि तेथे राबणारे बहुधा स्वयंसेवक, म्हणजे कोणाचे तरी आईवडील किंवा माजी वादक असतात. वादकांना मानधन मिळत नाही. उलट तेच शुल्क भरतात आणि आज ते शुल्क काही हजार डॉलरांच्या घरात असते.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. मैदानावरील प्रत्येक वादकाची जागा पावलापावलाने निश्चित केलेली असते. कितव्या ठोक्याला कोणत्या रेषेपासून किती पावलांवर उभे राहायचे, हे प्रत्येकाने पाठ केलेले असते. रांगेतला एक जण आजारी पडला, तर त्याची जागा दुसरा कोणी सहज भरू शकत नाही. आकृतीत भोक पडते आणि ते प्रेक्षकांनाही दिसते. पथकांत दीर्घकाळ १२८ जणांची कमाल मर्यादा होती, आज ती दीडशेच्या पुढे गेली आहे. तथापि शंभर-सव्वाशे माणसांतही एकाची अनुपस्थिती लपत नाही, हा अनुभव प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला असतो. आपल्या डाव्या-उजव्या बाजूला कोण उभे होते, हे या माणसांना पन्नास वर्षांनीही विचारावे लागत नाही. साहजिकच शेजारचा गेल्याची बातमी येते, तेव्हा जुन्या ओळखीपैकी एक व्यक्ती गेली इतकाच तिचा अर्थ राहत नाही. रांगेतली एक जागा रिकामी झाली, असेच ती ऐकणाऱ्याला जाणवते.

घर हरवलेले माजी विद्यार्थी

शाळा-महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांना परत जायला निदान इमारत असते. ड्रम कोअरच्या माजी वादकांपैकी फार थोड्यांना हे भाग्य लाभले. साठच्या दशकात अमेरिकेत शेकडो पथके होती. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांपैकी बहुतेक बंद पडली. वस्त्यांची रचना बदलली, धर्मपरिसरांकडे पैसा उरला नाही, देशभर दौरे करण्याचा खर्च वाढत गेला, शाळांतील वाद्यवृंदांनी मुलांना आपल्याकडे ओढले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तर पथकात वाजवण्याचे वय आणि सक्तीच्या सैन्यभरतीचे वय जवळपास एकच होते. रांगेतून थेट रणांगणावर गेलेल्यांपैकी काही जण परतलेच नाहीत.

बोस्टनजवळच्या रिव्हिअर येथील ‘ट्वेन्टीसेव्हन्थ लान्सर्स’ हे पथक १९८० साली राष्ट्रीय स्पर्धेत दुसरे आले होते. अवघ्या सहा वर्षांनी, १९८६च्या हंगामानंतर, ते मैदानावरून नाहीसे झाले. खुद्द पहिले विजेते किंग्समेनही फार काळ टिकले नाहीत. अशा पथकांच्या वादकांसाठी स्मृती हीच एकमेव वास्तू उरली. गणवेशाचे जाकीट, बॅज, स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका आणि एकमेकांचे पत्ते एवढीच त्यांची मालमत्ता. ती टिकवायची तर भेटत राहणे हाच मार्ग होता.

पुन्हा रांगेत

प्रारंभी या भेटी जेवणावळींच्या स्वरूपाच्या होत्या. पुढे कोणाला तरी वाटले की केवळ आठवणी काढण्यापेक्षा वाजवावे. त्यातून ‘अल्युम्नाय कोअर’ म्हणजे माजी वादकांच्या पथकांची कल्पना रुजली. १९९४ साली ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ची अंतिम फेरी बोस्टनजवळच्या फॉक्सबरो येथे भरली, तेव्हा आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या लान्सर्सचे माजी वादक मैदानात उतरले. ‘डॅनी बॉय’ या आयरिश गीताची धून हे त्यांचे ओळखचिन्ह होते. १९६५मध्ये तिन्ही प्रमुख राष्ट्रीय अजिंक्यपदे पटकावणाऱ्या शिकागोच्या ‘रॉयल एअर्स’चे माजी वादक २००२ साली एकत्र आले. २००६मध्ये अंतिम फेरी मॅडिसन येथे होती. यजमान शहराच्या ‘स्काउट्स’च्या अनेक पिढ्या तेव्हा एकाच वेळी मैदानावर उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी पॅसाडिना येथील ‘रोझ बोल’ मैदानावर ‘किंग्समेन’च्या माजी वादकांनी पहिल्या अजिंक्यपदानंतर पस्तीस वर्षांनी पुन्हा वादन केले. बेयॉनचे ‘ब्रिजमेन’, हॉथॉर्नचे ‘कॅबॅलेरोज’, बोस्टनचे ‘सेंट केव्हिन्स एमराल्ड नाइट्स’ यांच्याही माजी वादकांची पथके उभी राहिली. प्रौढ पथकांच्या वार्षिक अजिंक्यपद स्पर्धेला जोडून अशा पथकांचा स्वतंत्र सोहळाही भरू लागला. तेथे गुण नसत, क्रमांक नसत. एकेकाळचे कट्टर प्रतिस्पर्धी प्रेक्षागृहात शेजारी बसून एकमेकांसाठी टाळ्या वाजवीत.

असे पथक उभे करणे वाटते तितके सोपे नसते. पहिली अडचण माणसे शोधण्याची. लग्नानंतर आडनावे बदललेली असतात, लोक राज्य सोडून गेलेले असतात. जुन्या हजेरीपटावरील एकेका नावाचा माग काढताना शोधणाऱ्याच्या हाती दोन याद्या येतात. एक सापडलेल्यांची आणि दुसरी गेलेल्यांची. किंबहुना अनेक पथकांच्या दिवंगतांच्या याद्या अशाच, स्नेहसंमेलनाची तयारी करता करता तयार झाल्या आहेत. निमंत्रण पाठवायला गेल्यावर मुलाकडून किंवा विधवा पत्नीकडून कळते की ज्याला बोलवायचे तो दहा वर्षांपूर्वीच गेला. मग ते कुटुंबच संमेलनाला येते. वडिलांच्या विशीची एकही गोष्ट ठाऊक नसलेल्या मुलांना ती सांगणारी माणसे तेथे भेटतात.

दुसरी अडचण वाद्यांची. आरंभीच्या बिगुलांना कळाच नव्हत्या. पुढे एक पिस्टन आला, नंतर त्याच्या जोडीला फिरकीची कळ आली. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’च्या नियमांत १९७७ साली दोन पिस्टनच्या आणि १९९० साली तीन पिस्टनच्या बिगुलांना परवानगी मिळाली. मात्र तोवर हे सारे बिगूल ‘जी’ या एकाच पट्टीतले होते. २००० सालापासून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये चालतील असा नियम आला आणि पथकांनी वाद्यवृंदांतील नेहमीची ट्रम्पेट व तत्सम वाद्ये घेतली. ‘जी’ पट्टीचे बिगूल जवळजवळ कालबाह्य झाले. या जुन्या बिगुलांचा आवाज थोडा ओबडधोबड, पण विलक्षण उजळ आणि दूरवर पोहोचणारा असतो. माजी वादकांना तोच आवाज हवा असतो. त्यामुळे ते जुने बिगूल शोधून विकत घेतात, दुरुस्त करवतात, पन्नास वर्षांपूर्वीची रचना त्याच पट्टीत वाजवतात. एका अर्थाने ही पथके म्हणजे लुप्त होत चाललेल्या नादाची चालतीबोलती संग्रहालये आहेत.

तिसरी अडचण शरीराची. खांद्यावर पेलायचा सर्वांत मोठा बिगूल विशीतही जड असतो, सत्तरीत तर तो असह्य होतो. म्हणून माजी वादकांची पथके बहुधा धावपळीच्या आकृत्या टाळून कमानीत स्थिर उभी राहून वाजवतात. ओठांचे स्नायू पुन्हा तयार व्हायला महिने लागतात. तरीही आठवड्याच्या शेवटी दोन-तीनशे मैल मोटार हाकून तालमीला येणारे असतात.

नावे, पारितोषिके आणि गाणी

दिवंगतांचे स्मरण करण्याच्या या समुदायाच्या तीन रीती आहेत. पहिली रीत नावांची. संमेलनात गेल्या वर्षभरात निवर्तलेल्यांची नावे वाचली जातात, स्तब्धता पाळली जाते आणि बहुतेक ठिकाणी एखादा बिगूलवादक ‘टॅप्स’ वाजवतो. ज्या पथकांचा जन्मच माजी सैनिकांच्या सभागृहात झाला, त्यांच्या दृष्टीने ही मुळाकडे परतण्याची क्रिया असते.

दुसरी रीत पारितोषिकांची. राष्ट्रीय स्पर्धेत निरनिराळ्या विभागांत सर्वोत्कृष्ट ठरणाऱ्या पथकांना जी पारितोषिके दिली जातात, ती दिवंगत कलावंतांच्या नावांनी ओळखली जातात. पितळी वाद्यांचे पारितोषिक जिम ऑट यांच्या नावाचे आहे. ‘स्पिरिट ऑफ अटलांटा’ पथकाच्या वादनाला आकार देणारे हे तरुण संगीतरचनाकार १९८० साली ऐन हंगामात मोटार अपघातात गेले. तालवाद्यांचे पारितोषिक फ्रेड सॅनफोर्ड यांच्या नावाचे. सत्तरच्या दशकात ‘सँटा क्लारा व्हॅनगार्ड’च्या तालविभागाची घडण त्यांनी केली, २००० साली त्यांचे निधन झाले. कलर गार्डचे पारितोषिक जॉर्ज झिंगाली यांच्या, दृश्य सादरीकरणाचे जॉन ब्रॅझेल यांच्या आणि एकूण परिणामाचे डॉन अँजेलिका यांच्या नावाचे आहे. पारितोषिक स्वीकारणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी यांपैकी कोणालाही पाहिलेले नसते. तरीही दर ऑगस्टमध्ये हजारो प्रेक्षकांसमोर ही पाच नावे उच्चारली जातात. पुतळ्याभोवतीची गर्दी वर्षागणिक पांगत जाते; येथे मात्र स्मरण स्पर्धेच्या चाकोरीतच बसवलेले असल्यामुळे ते कोणाच्या लहरीवर अवलंबून राहत नाही.

तिसरी रीत गाण्यांची. अनेक पथकांचे स्वतःचे असे एक गीत असते. ते बहुधा पथकासाठी लिहिलेले नसते, तर कधीकाळी वाजवलेल्या एखाद्या रचनेने पथकाच्या मनात घर केलेले असते. मॅडिसन स्काउट्सनी ‘कॅरॉसेल’ या १९४५च्या संगीतिकेतील ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत आपले मानले. ‘सँटा क्लारा व्हॅनगार्ड’ने स्टीफन सॉन्डहाइम यांचे १९७३च्या संगीतिकेतील ‘सेंड इन द क्लाउन्स’ जवळ केले. कार्यक्रमापूर्वी मुले खांद्याला खांदा लावून ही गीते म्हणतात आणि माजी वादक विवाहसमारंभात, स्नेहसंमेलनात व अंत्यविधीच्या वेळीही तीच म्हणतात. वाद्य हातात नसले, ओठ साथ देत नसले, तरी गाता येते. शेवटच्या निरोपासाठी म्हणूनच पथकाचे गीत उपयोगी पडते.

दुसऱ्यांच्या मृतांसाठी

ही स्मरणवृत्ती स्वतःच्या पथकापुरती राहिलेली नाही, याचे एक उदाहरण लक्षणीय आहे. २००० सालापासून अमेरिकेतील कायद्याने प्रत्येक पात्र माजी सैनिकाच्या अंत्यसंस्कारात, कुटुंबाने मागणी केल्यास, राष्ट्रध्वजाची विधिवत घडी आणि ‘टॅप्स’चे वादन यांची हमी दिली. दुसऱ्या महायुद्धाची पिढी त्या काळात झपाट्याने काळाच्या पडद्याआड जात होती आणि सैन्यातील बिगूलवादकांची संख्या तुटपुंजी होती. ध्वनिमुद्रण वाजवण्याची मुभा कायद्यातच होती. २००३मध्ये तर बिगुलाच्या आत इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवण्याची तोड निघाली. सैनिकाने ते ओठांना लावायचे, कळ दाबायची आणि सूर आपोआप उमटायचे.

थडग्याशेजारी असा खोटा अभिनय व्हावा, हे अनेकांना रुचले नाही. इलिनॉयमधील टॉम डे यांनी २००० साली ‘ब्यूगल्स अक्रॉस अमेरिका’ ही स्वयंसेवी संस्था सुरू केली. ट्रम्पेट, कॉर्नेट किंवा बिगूल वाजवता येणाऱ्या देशभरातील नागरिकांनी आपापल्या भागातील सैनिकांच्या अंत्यविधीला जाऊन प्रत्यक्ष ‘टॅप्स’ वाजवावे, अशी तिची योजना. ड्रम कोअरच्या माजी वादकांच्या दृष्टीने ही हाक घरचीच होती. माजी सैनिकांनी ज्यांच्या हाती बिगूल दिला, त्यांनी त्याच पिढीला बिगुलाने निरोप द्यावा, यात ऋणफेडीची भावना आहे.

स्मरणाची दुसरी बाजू

अर्थात, स्मरण म्हणजे केवळ गोड आठवणींचा उत्सव नव्हे. होली नेम कॅडेट्सपासून सुरू झालेले आणि पुढे नुसत्या ‘द कॅडेट्स’ या नावाने गाजलेले पथक १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षे आणि एकंदर दहा वेळा ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’चे विजेते ठरले. २०१८मध्ये त्याच्या दीर्घकाळच्या संचालकांवर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९८०च्या दशकातील कथित अत्याचाराचा एक दावा न्यायालयात दाखल झाला. त्याच्या खर्चाचा बोजा आणि आर्थिक ओढाताण यांची कारणे देत एप्रिल २०२४मध्ये संस्थेने काम थांबवल्याचे जाहीर केले. स्थापनेला नव्वद वर्षे होत असतानाच एका ख्यातकीर्त पथकाचा असा शेवट झाला.

हजारो माजी वादकांपुढे यातून अवघड प्रश्न उभा राहिला. ज्या पथकाने आपल्याला घडवले, त्याच पथकात कोणावर तरी अन्याय झाला असेल तर आठवण कशाची ठेवायची? आपला आनंद खरा होता म्हणून दुसऱ्याची वेदना खोटी ठरत नाही. आणि दुसऱ्याची वेदना मान्य केली म्हणून आपले तारुण्य वाया गेले असेही होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी मनात धरणे कठीण असते. परंतु ज्यांना दुखावून, मुकेपणाने निघून जावे लागले, त्यांच्यासाठी संमेलनात जागा नसेल, तर नावे वाचण्याच्या विधीला फारसा अर्थ उरत नाही. हजेरीपट पूर्ण वाचायचा असतो, सोयीचा तेवढा नव्हे. अल्पवयीन आणि तरुण मुलांच्या सुरक्षिततेसाठी कडक नियम असावेत, हा आग्रह या घटनांनंतर वाढला. त्यात माजी वादकांचाही आवाज आहे.

पुढे काय?

आज या परंपरेपुढील सर्वांत मोठे आव्हान काळाचे आहे. साठच्या दशकातील वादक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. एका वर्षी शंभर जण उभे राहिलेल्या पथकात पुढे साठ उरतात, मग तीस. शेवटी वाजवण्याजोगी संख्या उरत नाही आणि पथक दुसऱ्यांदा बंद पडते. २०२०मध्ये कोविडमुळे संपूर्ण हंगाम रद्द झाला, २०२१मध्ये स्पर्धेविना केवळ प्रदर्शनीय कार्यक्रम झाले. वृद्ध वादकांच्या तालमी आणि भेटीही या काळात खुंटल्या. २०२२मध्ये इंडियानापोलिस येथे ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’च्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने जुने वादक पुन्हा मोठ्या संख्येने जमले, तेव्हा मधल्या दोन वर्षांत गळलेली नावे साऱ्यांना जाणवली. २०२४च्या हंगामापासून ‘ड्रम कोअर असोसिएट्स’ ही प्रौढांची संघटनाही ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’मध्ये विलीन झाली आणि सर्व वयोगटांची पथके एका छत्राखाली आली.

तरीही परंपरा केवळ ओसरतेच आहे, असे म्हणता येत नाही. १९४० साली स्थापन झालेल्या ‘बोस्टन क्रुसेडर्स’ने २०२५मध्ये आपले पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवले. पंच्याऐंशी वर्षांत या पथकात वाजवून गेलेल्या कितीतरी जणांना तो दिवस पाहायला मिळाला नाही. ज्यांना मिळाला, त्यांनी तो न पाहिलेल्यांच्याही वतीने पाहिला. पथक म्हणजे आज मैदानावर उभी असलेली मुले इतकेच नव्हे, तर तीच पावले आधी टाकून गेलेले सारे जण, ही या समुदायाची धारणा अशा वेळी स्पष्ट होते.

एकत्र कुटुंबे विरत चाललेल्या, शेजारही अनोळखी होत चाललेल्या शहरी जीवनात माणसे कोणाच्या आठवणीत राहतात, हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. ड्रम कोअरच्या माजी वादकांनी त्याचे जे उत्तर शोधले आहे, ते साधे आहे. वर्षातून एकदा जमायचे, जमेल तेवढे एकत्र वाजवायचे, नावे पूर्ण वाचायची आणि यादीत नाव कोणाचे जोडायचे राहिले आहे का, हे निघण्यापूर्वी एकमेकांना विचारायचे.